पीएचसीचा अनटाइड फंड: पैसा खात्यात, गरज समोर, तरी मार्चअखेर शिल्लक

रामबागकर

नमस्कार मंडळी.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून इंदूरजवळ देपालपूरच्या बाजूला आमच्या शेतावर माझं जाणं-येणं वाढलंय. तिथल्या सरपंचबाईंनी "काका, तुम्हाला हिशेबातलं कळतं" असं म्हणत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या (पीएचसीच्या) समितीवर माझं नाव टाकून दिलं. त्या समितीला पूर्वी रोगी कल्याण समिती म्हणायचे, आता जन आरोग्य समिती म्हणतात. मला वाटलं, नावापुरतं असेल. पण पहिल्याच बैठकीत कागद हाती आले आणि मी चक्रावलो. अनटाइड म्हणजे कशाला वापरायचा ते वरून न बांधलेल्या फंडाचे वर्षाला १ लाख ७५ हजार मंजूर, त्यातले निम्म्याच्या आसपास खर्चच झालेले नाहीत.

शिल्लक राहिले म्हणजे गरज नव्हती असं म्हणावं, तर प्रसूतिकक्षात जाऊन बघा. टेबलापासून चार पावलांवर बेसिन आहे. त्याला कोपराने उघडायची लांब दांडीची तोटी बसवलेली होती. दांडी तुटली, तिच्या जागी सुतळी बांधलीय. सुतळी ओढली तर पाणी येतं, पण बंद होत नाही, म्हणून खालचा कॉक कायमचा बंद करून ठेवलाय. एएनएम दीदी, म्हणजे नर्सबाई, हातमोजे चढवायच्या आधी हात धुते तेव्हा मदतनीस बाई मगाने पाणी घालते. ही तोटी कितीची? हार्डवेअरच्या दुकानात हजाराच्या आत-बाहेर. मी विचारलं, का बदलत नाही? उत्तर मिळालं, "सर, वो इस मद में नहीं आता." म्हणजे हा खर्च या पैशात बसत नाही.

इथे आरोग्य खात्यात काम केलेले काही लोक आहेत. हा पैसा नेमका कशासाठी असतो, कोण ठरवतं, आणि लोक त्याला हात लावायला का घाबरतात? पुढच्या बैठकीआधी मला तयारी करायची आहे.

हिशेबनीस

काका, बरीच वर्षं मी एका ब्लॉकात राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे (एनएचएमचे) हिशेब सांभाळलेत, आता ते सोडून जीएसटीची कामं करतो. त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

तुमचे पावणेदोन लाख ही मुळात तीन वेगळ्या अनुदानांची बेरीज आहे. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान (एनआरएचएम, आताच्या एनएचएमचं आधीचं रूप) सुरू झालं, त्यात पीएचसीला वर्षाला २५ हजार अनटाइड म्हणजे अबंधित निधी, ५० हजार देखभाल-दुरुस्तीसाठी आणि १ लाख रोगी कल्याण समितीला, असं ठरलं. सामुदायिक आरोग्य केंद्राला ५० हजार, १ लाख आणि १ लाख. उपकेंद्राला १० हजार अनटाइड, इमारत सरकारी असेल तर वर १० हजार देखभालीचे. गावाच्या आरोग्य समितीला १० हजार. पुढे ही तिन्ही अनुदानं एक करून एकच अनटाइड अनुदान म्हणायला लागले. उपकेंद्राचं हेल्थ अँड वेलनेस सेंटर झालं, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर, की त्याला ५० हजार. पीएचसीचा आकडा मात्र २००५ पासून तिथेच बसून आहे.

आता "इस मद में नहीं आता" बद्दल. उपकेंद्रांसाठी पहिल्यांदा ज्या सूचना निघाल्या त्यांत खर्चाची उदाहरणं दिली होती. त्यातलं पहिलंच वाक्य पडदे, नळदुरुस्ती आणि बल्ब यांचं आहे. काका, नळदुरुस्ती! पुढे बाळंतपणानंतरच्या साफसफाईला रोजंदारीवर माणूस लावणं, अडलेल्या बाईला वरच्या दवाखान्यात पोचवायचं भाडं, साथीच्या काळात नमुने पाठवणं, बँडेज, ब्लीचिंग पावडर, डबक्यांतल्या अळ्या मारायचं काम. नाही म्हटलंय ते पगाराला, गाडी घ्यायला, दरमहा चालूच असणाऱ्या नेहमीच्या खर्चाला आणि पंचायतीचा स्वतःचा खर्च भागवायला.

उपकेंद्राला हे चालतं आणि पीएचसीच्या पैशात तर देखभाल-दुरुस्तीचे ५० हजारही आहेत, म्हणजे तुमची तोटी बसते. ज्याने नाही सांगितलं त्याने नियम वाचलेला नसेल, किंवा वाचला असेल पण सही करायची नसेल. माझ्या अनुभवात दुसरं जास्त.

मालवी_मिरची

पीएचसी म्हणजे मैदानी भागात ३० हजार लोकसंख्येला एक. १ लाख ७५ हजार भागिले ३० हजार. डोईवारी वर्षाला सहा रुपयेसुद्धा नाहीत. छप्पन दुकानवर यात कट चहा येत नाही भिया. आणि तेही परत जातात?

जुनी_इंदूर

या धाग्यावर इंदूरकरांनी तरी थोडं मागचं आठवावं, कारण रोगी कल्याण समिती ही चीज आपल्याच गावात जन्मली.

१९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली आणि इकडे सगळ्यांची नजर गेली एमवाय अस्पतालाकडे. महाराजा यशवंतराव रुग्णालय तेव्हा उंदरांसाठी कुप्रसिद्ध होतं. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको. सुधीरंजन मोहंती कलेक्टर होते (पुढे राज्याचे मुख्य सचिव झाले). त्यांनी रुग्ण हलवून आख्खं रुग्णालय रिकामं केलं, उंदीर मारले, इमारत धुऊन-रंगवून घेतली. शहरातल्या लोकांनी पैसा दिला, हात दिला. मग प्रश्न आला की आज चकचकीत झालंय, उद्याचं काय? सरकारी बजेटातून झाडूवाल्याचा रोजसुद्धा वेळेवर निघत नव्हता. आणि रुग्णालयात जमलेला प्रत्येक रुपया ट्रेझरीत जायचा, परत यायचा नाही. म्हणून १९९५ मध्ये समिती केली. सोसायटी कायद्याखाली नोंदणी, स्वतःचं खातं, फी जमा होईल ती तिथेच खर्च करायची मुभा. दिग्विजयसिंहांच्या सरकारने मग ती राज्यभर नेली. २००० साली तिला ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्कचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. एनआरएचएमने पाच वर्षांनी ती देशभर उचलली. महाराष्ट्रात तिलाच रुग्ण कल्याण समिती म्हणतात.

सांगायचा मुद्दा असा की मूळ कल्पना वरून आलेल्या अनुदानाची नव्हतीच. जिथला पैसा तिथे, आणि तो कसा वापरायचा ते तिथल्यांनी ठरवायचं, ही होती. अनुदान नंतर चिकटलं.

सांवेरकरीण

जुनी_इंदूर काका, तुमचा आदर ठेवून म्हणते, त्या गोष्टीची दुसरी बाजूही लिहा. जिथला पैसा म्हणजे कुणाचा? रुग्णाचा. पर्ची, एक्स-रे, तपासण्या, सगळ्याला फी लागली. गरीबी रेषेखालच्यांना माफी होती, पण कार्ड जवळ असेल तर. शिवाय शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला रस्त्याकडेची जमीन होती, तिथे दुकानं काढून भाडं मिळवता आलं. सांवेर तहसिलातल्या एखाद्या पीएचसीने काय भाड्याने द्यायचं, निंबाची सावली?

जुनी_इंदूर

ताई, मान्य. फीवर गाडी चालणार नाही हे पुढे सरकारलाही कळलं. २०११ पासून बाळंतपण आणि आजारी नवजाताचा खर्च जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत झाला, २०१२ च्या नोव्हेंबरात आपल्या मध्य प्रदेशात मोफत औषधं आली. खेड्यातल्या केंद्राकडे अनुदानाशिवाय फारसं काही उरलं नाही. पण म्हणूनच ते अनुदान मोकळं राहणं जास्त गरजेचं, एवढंच माझं म्हणणं.

आणि एमवायचं नाव घेतलं म्हणून सांगतो, मला त्या गोष्टीचा पोवाडा गायचा नाही. २०२५ च्या सप्टेंबरात तिथेच नवजात शिशूंच्या कक्षात उंदरांनी बाळांना चावल्याची बातमी देशभर गेली. समिती असणं आणि देखभाल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गावठी_डॉक्टर

मी एका पीएचसीचा एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी आहे. कुठला ते विचारू नका. हिशेबनीस म्हणतात ते खरं आहे की सही करायची नसते. पण का नसते ते जरा आमच्या खुर्चीत बसून बघा.

आमच्यासारखे बरेच जण बाँडवर येतात. एमबीबीएस झालं, ग्रामीण सेवेचं वर्ष काढलं, पीजीला गेलं. ऑडिटचा आक्षेप येतो तोपर्यंत मी दुसऱ्या शहरात वॉर्डात रात्रपाळी करत असतो. "पडदे ६ नग, स्टॉक रजिस्टरला नोंद नाही, वसुली का करू नये?" पडदे लावलेले असतात, दिसतात, पण रजिस्टरला नसतात. नोंद करणारा फार्मासिस्ट तेव्हा लसीकरणाच्या ड्यूटीवर होता. या सगळ्यापेक्षा पैसे न खर्चलेले बरे, कारण न खर्चल्याबद्दल आजवर कुणाकडून वसुली झालेली मी तरी ऐकलेली नाही.

दुसरं, हा फंड अनटाइड फक्त कागदावर आहे. वर्षाच्या सुरुवातीला आपण मनात ठरवतो की इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बदलायच्या, तपासणीच्या दिवशी गरोदर बायका उन्हात उभ्या राहतात तिथे शेड टाकायची. मग व्हॉट्सॅपवर पत्र येतं: अमुक मापाचे बोर्ड लावा, अमुक रंग द्या, अमुक दिवसाचे बॅनर छापा, "व्यय अनटाइड मद से किया जाए". फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपवर. असं पत्र आलं की सही करायला कुणी घाबरत नाही, कारण आदेश वरचा. म्हणजे वरून सांगितलेलं बिनधास्त खर्चता येतं आणि आपल्याला कळलेलं खर्चायला छाती लागते.

तिसरं, वेळ. पैसा एप्रिलमध्ये हवा असतो, पावसाच्या आधी. छत गळतं जुलैत. मंजुरी, वरून मिळणारं खर्चाचं लिमिट, सगळं होईतो दिवाळी होते.

मालवी_मिरची

+१. "फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपवर" 😄 सगळ्या खात्यांचं सेम आहे.

अवंतिका_एक्सप्रेस

मी स्पष्ट बोलते. या फंडातला निम्मा खाल्ला जातो हे गावात प्रत्येकाला माहीत आहे. मार्च आला की पीएचसीला रंग लागतो. दरवर्षी तीच भिंत, तोच ठेकेदार. डॉक्टरसाहेब सहीला घाबरतात म्हणता, रंगाला नाही घाबरत कुणी? अशा लोकांना अजून मोकळीक द्या म्हणणं म्हणजे कमाल आहे. माझ्या मते कडक यादी हवी, एवढे पडदे, एवढे बल्ब, बस.

हिशेबनीस

ताई, रंगाचं तुम्ही म्हणता ते होतं, मी बिलं पाहिलेली आहेत. पण विचार करा, रंगच का? मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात एक बिल, एक ठेकेदार, मोठी रक्कम, काम डोळ्यांना दिसतं. लिमिट ३१ तारखेला संपणार. तेवढ्या वेळात वीस लहान दुरुस्त्या करायच्या तर वीस मिस्त्री, वीस बिलं, वीस नोंदी. चोर असो की प्रामाणिक, माणूस रंगच काढणार. ही घाई कमी केली तर रंगही कमी होईल.

आणि यादीचं म्हणाल तर यादी करून झालेली आहे. बाकी सगळा एनएचएम यादीवरच चालतो, कार्यक्रमवार, ओळवार. हे एवढे पावणेदोन लाखच यादीबाहेरचे आहेत. ज्या केंद्रात महिन्याला चाळीस बाळंतपणं होतात त्याला आणि जिथे एकही होत नाही त्याला एकच यादी लावलीत तर दुसऱ्याकडे प्रसूतिकक्षाचे पडदे येऊन पडतील. खरं तर रकमेचंही तसंच व्हायला हवं. जिथे रुग्ण जास्त तिथे जास्त, असं एनएचएमच्या आराखड्यात लिहिलेलं आहे, पण वाटप करताना सरसकट सगळ्यांना सारखं देणं सोपं पडतं.

मालवी_मिरचीने विचारलेलं आणखी एक राहिलं: शिल्लक पैसा जातो कुठे. पूर्वी पीएचसीच्या समितीचं स्वतःचं बचत खातं असायचं. शिल्लक राहिली तर खात्यात राहायची, व्याजही त्यातच. उपकेंद्राचं खातं एएनएम आणि सरपंचाच्या जोडसहीने चालायचं. त्या पद्धतीत पैसा वर्षानुवर्षं पडूनही राहायचा, ही तिची वाईट बाजू. कॅगच्या २०१७ च्या अहवालात आहे की २७ राज्यांच्या आरोग्य सोसायट्यांकडे अभियानाची न खर्चलेली रक्कम २०११-१२ मध्ये ७,३७५ कोटी होती, ती २०१५-१६ ला ९,५०९ कोटी झाली. यावर उपाय म्हणून केंद्राने १ जुलै २०२१ पासून सिंगल नोडल एजन्सीची पद्धत आणली. आता राज्याचं एकच खातं, खालच्यांची झीरो बॅलन्स खाती आणि फक्त खर्चाचं लिमिट. तुम्ही पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पेमेंटच्या ऑनलाइन यंत्रणेवर, पेमेंट टाकलं की वरच्या खात्यातून थेट दुकानदाराला जातं. हिशेब स्वच्छ झाला, यात शंका नाही. पण शिल्लक आता तुमची राहत नाही. दोन वर्षांचे पैसे साठवून बोरिंग करू म्हटलं तर विसरा.

आणि दुकानदार पीएफएमएसवर नोंदलेला पाहिजे. नाव, खातं, आयएफएससी. गावातला नळवाला म्हणतो, पाचशेच्या कामाला पासबुकाची झेरॉक्स कशाला देऊ?

सांवेरकरीण

माझी वहिनी आशा आहे, तिच्याकडून ऐकलेलं सांगते. गावाच्या समितीचे ते १० हजार. आपल्याकडे तिचं नाव भलंमोठं आहे, ग्राम सभा स्वस्थ ग्राम तदर्थ समिती. त्यांच्या गावात एक वर्ष त्या पैशातून आंगणवाडीत लाकडी बाक आणि सळईवर सरकणारा पडदा केला. महिन्याच्या आरोग्य-पोषण दिवसाला एएनएम येते तेव्हा गरोदर बाईला झोपवून पोट तपासायचं असतं, बाळाचे ठोके ऐकायचे असतात. त्याआधी काय व्हायचं, तर खोलीभर मुलं खिचडी खात बसलेली, त्यांच्यासमोर कोण साडी सैल करणार? मग एएनएम नुसतं बीपी घेऊन वजन करून कार्डावर बाकीचे रकाने भरून टाकायची. पडदा आला आणि तपासणी खरी व्हायला लागली. सुतार गावचाच. हे वरून कुणाला सुचलं असतं का? अवंतिकाताई, यादीत "सरकता पडदा" कुणी लिहिला असता?

अवंतिका_एक्सप्रेस

सुचलं नसतं, मान्य. पण तुमच्या वहिनीसारख्या किती गावांत?

सांवेरकरीण

शेजारच्या गावात त्याच पैशातून सरपंचाच्या दारापुढची नाली झाली. तेही खरं आहे.

पुणेरी_पाहुणा

धागा वाचतोय, वाचनखूण साठवली. एक शंका. तुमच्याकडे सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेचं कायाकल्प बक्षीस नाही का? आमच्या भागातल्या एका पीएचसीने त्यातून बरंच केलं.

गावठी_डॉक्टर

आहे की. २०१५ पासून देशभर आहे. जिल्ह्यातल्या पहिल्या पीएचसीला २ लाख, ७० टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्या बाकीच्यांना ५० हजार, त्यातले तीनचतुर्थांश केंद्राच्या कामाला आणि एकचतुर्थांश कर्मचाऱ्यांना. योजना चांगली आहे. पण गंमत बघा. ७० टक्क्यांवर जायचं तर नळ चालू, पडदे लावलेले, सुया टाकायचा खड्डा बांधलेला पाहिजे. ते करायला आधी अनटाइड वापरावा लागतो. जो वापरतो त्याला बक्षीस, मग तो अजून करतो. सुतळी बांधलेल्या नळवाला स्पर्धेत उतरतच नाही.

हिशेबनीस

डॉक्टरसाहेब, तुमच्या आक्षेपाच्या भीतीवर औषध आहे आणि ते फुकट आहे: समितीच्या बैठकीचा ठराव. तुमच्याकडे बैठका होतात का खऱ्या? की रजिस्टर घरोघर सहीला फिरतं?

गावठी_डॉक्टर

🙏 पुढचा प्रश्न विचारा.

हिशेबनीस

😀 तेच तर. मी ऑडिटरांबरोबर बसलेलो आहे, वर्षभर चालणाऱ्या कन्करंट ऑडिटवाल्यांबरोबरही आणि वर्षाच्या सीएबरोबरही. त्यांना तोटीत रस नसतो. त्यांना कागदांची साखळी हवी असते. बैठकीत गरज लिहिली, अंदाजे रक्कम लिहिली, हजर असलेल्यांच्या खऱ्या सह्या, मग बिल, मग स्टॉक रजिस्टरचं पान नंबर बिलावर, मग पेमेंटची पावती. ही साखळी पूर्ण असेल तर "ही तोटी का घेतली" असं विचारणारा ऑडिटर मी पाहिलेला नाही. आणि ठराव असेल तर निर्णय एकट्या एमओचा राहत नाही, तो समितीचा होतो. बाँडवाला डॉक्टर पीजीला गेला तरी रजिस्टर तिथेच असतं.

उलट ज्या समित्या वर्षातून एकदा मार्चमध्ये जमतात, म्हणजे कागदावर जमतात, त्यांच्याकडे एकच ठराव सापडतो: "विविध कार्यांसाठी व्ययास मंजुरी". आक्षेप तिथे निघतो. मोकळा फंड म्हणजे कारण न लिहिता खर्चायचा फंड, असं काही जणांनी धरून ठेवलंय. कार्यक्रमाच्या पैशाला कारण वरून छापून येतं, इथे ते आपण लिहायचं असतं, एवढाच काय तो फरक.

म्हणून काका, तुमच्यासारखा बिनसरकारी माणूस समितीवर असणं उपयोगाचं आहे. तुम्ही बैठक मागा. आणि काही काम एकाच दुकानातून तुकडे पाडून घेऊ देऊ नका, ते ऑडिटवाल्यांना लगेच दिसतं.

रामबागकर

सगळ्यांचे आभार, विशेषतः हिशेबनीस यांचे. मागच्या आठवड्यात बैठक झाली. जमेल तसं लिहितो.

सरपंचबाई आल्या, एमओ मॅडम होत्या, एएनएम, दोन आशा, शाळेचे एक सर. मी रजिस्टर मागवून घेतलं आणि म्हटलं, आज सह्या शेवटी. आधी मॅडमनी सांगायचं की त्यांच्या हातात असतं तर पहिल्यांदा काय केलं असतं. त्या बंगाली आहेत, बाँडवरच आहेत. जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, प्रसूतिकक्षातली वीज. रात्री लाइट गेली की इन्व्हर्टर दहा-बारा मिनिटं चालतो आणि मोबाइलच्या टॉर्चवर टाके घालावे लागतात. लसींच्या फ्रिजचं वेगळं बघितलं जातं, तिथे २ ते ८ डिग्री रोज दोनदा लिहून काढावे लागतात, म्हणून त्याची काळजी सगळे करतात. टाक्यांच्या उजेडाचा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही.

मग आशा बोलल्या. त्यांना बसायला जागा नाही. रात्री बाळंतिणीबरोबर आलेली आशा व्हरांड्यात सतरंजीवर, पावसाळ्यात तिथे विंचू निघतात. हे मला किंवा सरपंचबाईंना सुचलंच नसतं.

ठराव असे झाले: दोन बॅटऱ्या, तोटी आणि सगळ्या नळांची तपासणी, आशांसाठी एक पलंग आणि खोलीच्या दाराला जाळी. प्रत्येकापुढे अंदाजे रक्कम आणि कारण, एकेका ओळीत. शाळेच्या सरांचं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी लिहिलं. सावलीच्या शेडवर वाद झाला. सरपंचबाईंचं म्हणणं, ते पंचायतीच्या पैशातून होईल. होईल तेव्हा होईल. मी शेड पुढच्या बैठकीत परत ठेवायला लावली, तारखेसकट.

रंगाचंही निघालं. लेखापाल म्हणाले, दरवर्षी होतो, ठेकेदाराला तोंडी सांगितलंय. मी म्हटलं, ठराव दाखवा. ठराव नव्हता. मग विषय संपला. ठेकेदार नाराज आहे, असं कळलं.

एक अडलंय. तोटी बसवणारा नळवाला नोंदणी करायला तयार नाही, आणि बॅटरीचा दुकानदार म्हणतो की सरकारी पैसा उशिरा येतो, आधी रोख द्या.

हिशेबनीस

वा काका!

नळवाल्याचं: तोटी आणि बसवणावळ एकाच बिलात हार्डवेअरच्या दुकानाकडून घ्या. दुकानदाराचं खातं आहे, जीएसटी आहे, तो नोंदणी करेल. नळवाल्याला दुकानदार देईल, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. स्टॉक रजिस्टरला तोटीची नोंद आणि जुनी तुटलेली तोटी भंगारात दाखवलेली, दोन्ही ओळी हव्यात. भंगाराची ओळ सगळे विसरतात.

बॅटरीवाल्याचं: रोख अजिबात नाही. खिशातून देऊन मागून घेण्याचा मोह मॅडमना होईल, होऊ देऊ नका. त्याला नोंदणी करून द्या, कार्यादेशाची प्रत हातात द्या आणि दुकानातच पीएफएमएसवर केंद्राच्या नावापुढचं लिमिट मोबाइलवर दाखवा. माझ्याकडे असे दोन-तीन दुकानदार त्यानेच तयार झाले होते. जुन्या बॅटऱ्या परत देताना त्यांची किंमत बिलातून वजा झालेली दिसली पाहिजे. शिशाची असते, चांगली रक्कम निघते, आणि तीच रक्कम बऱ्याचदा बिलात दिसत नाही.

गावठी_डॉक्टर

काका, बॅटऱ्यांबरोबर डिस्टिल्ड वॉटरचा डबा आणि ते दर महिन्याला घालायचं काम कुणाचं, हेही ठरावात लिहा. आमच्याकडच्या मागच्या जोडीला पाणीच कुणी घातलं नव्हतं, प्लेटा कोरड्या पडून वर्षात बाद झाल्या.

अवंतिका_एक्सप्रेस

रामबागकर काका, ठराव आणि खर्चाचा कागद पीएचसीच्या भिंतीवर लावा. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये न मागता माहिती जाहीर करायची म्हटलंच आहे. म्हणजे माझ्यासारखी शंका घेणारी माणसं आधी तो वाचतील, मग बोलतील. आणि हो, आशांच्या पलंगाचं वाचून बरं वाटलं.

रामबागकर

लावतो. भिंत कुठली ते सरपंचबाई ठरवतील, कारण बाहेरच्या भिंतीवर सध्या चार योजनांचे बोर्ड आहेत आणि ओपीडीच्या रांगेसमोरची एकच जागा रिकामी आहे, तिथे लेखापालांना कॅलेंडर हवंय.

पाण्याच्या डब्याचं लिहून घेतलं. एएनएम दीदी म्हणते की लसींचं तापमान लिहिणारी तीच आहे, त्याच वेळी पाण्याची पातळीही बघेल, फक्त रजिस्टरला एक रकाना आखून द्या.